स्तोत्रांच्या रचनेचे मर्म सांगणारे बिशप रॉबर्ट लाऊथ

स्तोत्रसंहितेला आपण सर्वच काव्य म्हणतो. परंतु रोजच्या शाळेत कविता शिकून आलेला एखादा चुणचुणीत मुलगा रविवारी शब्बाथ शाळेत उठून विचारू लागला, की बाई, या स्तोत्रात यमक कोठे आहे, याचे वृत्त कोणते, तर शिक्षिकेने काय सांगावे? तेविसावे स्तोत्र ज्यांना लहानपणापासून तोंडपाठ आहे अशा वडीलधाऱ्यांचीही येथे पंचाईत होते. तर्जुमा करताना यमक गळाले असे म्हणावे, तर मूळ इब्री भाषेतही ओळीच्या शेवटी यमक जुळविण्याचा प्रघात नव्हता. मग हे काव्य कशामुळे? या प्रश्नाचे व्यवस्थित उत्तर ज्यांनी जगापुढे मांडले ते अठराव्या शतकातील एक इंग्रज पाळक. त्यांचे नाव रॉबर्ट लाऊथ. पुढे ते लंडनचे बिशप झाले. पण आज बिशपपदासाठी त्यांची आठवण फारसे कोणी काढत नाही, त्या उत्तरासाठी काढतात.

लाऊथ यांचा जन्म २७ नोव्हेंबर १७१० रोजी इंग्लंडातील विंचेस्टर येथे झाला. वडील विल्यम लाऊथ हे तेथील कथीड्रलशी संबंधित पाळक होते आणि संदेष्ट्यांच्या ग्रंथांवर त्यांनी लिहिलेली टीका त्या काळी नावाजलेली होती. म्हणजे यशया, यिर्मया ही नावे या मुलाच्या कानांवर जेवणाच्या टेबलावरच पडत असणार. शिक्षण विंचेस्टरच्या प्रसिद्ध शाळेत व नंतर ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात झाले. १७३५ साली ओव्हिंग्टन नावाच्या गावी ते पाळक झाले, १७३७ मध्ये एम. ए. झाले आणि १७४१ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षाच्या आतच, ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना काव्याच्या प्राध्यापकाचे पद दिले.

हे पद मोठे मानाचे. ते धारण करणाऱ्याने वेळोवेळी लॅटिन भाषेत व्याख्याने द्यावयाची असा दंडक होता, आणि तो पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकला. काव्य म्हटले की श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे होमर, व्हर्जिल, होरेस हे ग्रीक व रोमन कवी उभे राहावयाचे. लाऊथ यांनी विषय निवडला तो इब्री लोकांच्या पवित्र काव्याचा. शास्त्र हे चर्चमध्ये वाचावयाचे आणि काव्य हे विद्यापीठात शिकावयाचे, अशी जी भिंत होती, ती त्यांनी गाजावाजा न करता ओलांडली. दहा वर्षे हे काम चालले. त्यांची चौतीस व्याख्याने १७५३ साली ऑक्सफर्ड येथे लॅटिन ग्रंथाच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

त्यांच्यापुढे पहिली अडचण वृत्ताची होती. ग्रीक व लॅटिन काव्य आपल्या संस्कृत वृत्तांप्रमाणे लघु-गुरूंवर चालते. तसेच काहीतरी इब्रीतही असले पाहिजे, असे विद्वान धरून चालत. चिचेस्टरचे बिशप फ्रान्सिस हेअर यांनी तर १७३६ साली स्तोत्रसंहितेचे वृत्त आपल्याला सापडल्याचे जाहीर करून ती त्याप्रमाणे छापलीही. लाऊथ यांनी हेअर यांचेच नियम हाती घेतले आणि दाखवून दिले की त्याच नियमांनी नेमके उलटे वृत्तही तितक्याच सहज सिद्ध होते. मग त्या शोधाला अर्थ काय उरला? लाऊथ यांचे म्हणणे असे की, इब्री काव्याला माप असलेच पाहिजे, पण ते आता आपल्या हाती लागणार नाही. प्राचीन इब्री लिखाणात केवळ व्यंजने लिहीत. स्वरांच्या खुणा कित्येक शतकांनंतर घातल्या गेल्या. तोवर दावीदाच्या काळचा उच्चार कोणाच्या कानात राहिला होता? आपण काना, मात्रा, वेलांटी पुसून टाकलेली एखादी आर्या कल्पनेत आणावी आणि तिच्या मात्रा मोजू पाहाव्यात, म्हणजे ही अडचण कळेल.

तरी ओळ कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे शोधावयास एक पक्की जागा होती. शास्त्रात काही कविता वर्णमालेवर बांधलेल्या आहेत. स्तोत्रे १११ व ११२ यांत प्रत्येक ओळ इब्री वर्णमालेतील पुढच्या अक्षराने सुरू होते. ११९ व्या स्तोत्रात बावीस अक्षरांची बावीस कडवी आहेत व प्रत्येक कडव्यातील आठही वचने एकाच अक्षराने सुरू होतात. म्हणूनच त्याची वचने १७६ भरतात. विलापगीताचे अध्यायही बावीस किंवा सहासष्ट वचनांचे का, हे यावरून उलगडते. पाचव्यात अक्षरक्रम नाही, पण संख्या तीच ठेवली आहे. मराठी तर्जुम्यात ही अक्षरे दिसणे शक्यच नाही. पण अशा रचनेत ओळीची सुरुवात कवीनेच खूण करून ठेवलेली असते, तेथे वादाला जागा नाही. या खात्रीच्या ओळी लाऊथ यांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा त्यांना दिसले की ओळी एकट्या चालत नाहीत. त्या बहुधा जोडीने चालतात, आणि जोड आवाजाची नसून विचाराची असते.

यालाच त्यांनी अंगांचे समांतरत्व असे नाव दिले. एका ओळीची दोन, क्वचित तीन, अंगे असतात. पहिले अंग जे सांगते त्याला दुसरे अंग शब्दाला शब्द, कल्पनेला कल्पना लावून उत्तर देते. त्यांचे पहिले मोठे उदाहरण ११४ वे स्तोत्र. वाचकांनी शास्त्र उघडून समोर ठेवावे. समुद्राच्या पळण्याला यार्देनेच्या माघारीची जोड आहे, डोंगरांच्या उड्यांना टेकड्यांच्या उड्यांची, आणि उपमेतसुद्धा एडक्याला कोकराची जोड दिली आहे. इस्राएल म्हटले की लगेच याकोब येतो. पण ती दोन घराणी नव्हेत. हा पहिला प्रकार, समानार्थी जोडीचा.

दुसरा प्रकार विरोधी जोडीचा, आणि त्याची खाण म्हणजे नीतिसूत्रे. दहाव्या अध्यायाचे पहिलेच वचन पाहावे. शहाण्या मुलाच्या जोडीला मूर्ख मुलगा, आनंदाच्या जोडीला दुःख, बापाच्या जोडीला आई. येथे काही शिक्षक अडखळतात आणि मुलांना सांगू लागतात की मुलाच्या शहाणपणाचा आनंद बापाला व मूर्खपणाचे दुःख आईलाच अधिक होते. वचनात तसे काही नाही. दोन्ही मुलांचे सुखदुःख दोघांनाही आहे. ते दोन अंगांत वाटून दिले आहे इतकेच. ही केवळ अलंकाराची गोष्ट असती तर सोडून देता आली असती, पण अलंकार न कळल्यामुळे अर्थच बदलतो. समानार्थी जोडीतही हीच चूक घडते. ५१ व्या स्तोत्रात धुणे आणि शुद्ध करणे असे दोन शब्द आले की धुणे हा तारणाचा एक टप्पा आणि शुद्ध करणे हा दुसरा, असा उपदेश उभा राहतो. पश्चात्तापी कवी एकच मागणे दोनदा, अधिक कळवळ्याने मागत आहे, हे मात्र ऐकणाऱ्याच्या पदरी पडत नाही.

तिसऱ्या प्रकारात दुसरे अंग पहिल्याचा अर्थ पुन्हा सांगत नाही व विरोधही करीत नाही; केवळ वाक्याची बांधणी तशीच ठेवून विचार पुढे नेते. एकोणिसाव्या स्तोत्राच्या उत्तरार्धात परमेश्वराच्या नियमशास्त्राचे वर्णन येते ते या धर्तीचे आहे: प्रत्येक वेळी एक नाव, त्याचा एक गुण आणि त्याने माणसात घडणारी एक गोष्ट. याला त्यांनी संयोगी प्रकार म्हटले. खरे सांगावयाचे तर हा तिसरा कप्पा फारच मोठा झाला. पहिल्या दोहोंत जे मावेना ते सर्व त्यात गेले, आणि पुढच्या अभ्यासकांनी त्यावर योग्यच बोट ठेवले आहे. जेम्स कूगल यांनी १९८१ साली व रॉबर्ट ऑल्टर यांनी १९८५ साली आणखी एक दुरुस्ती सुचविली. दुसरे अंग पहिल्याचा नुसता पडसाद नसतो. ते बहुधा एक पायरी वर चढते, साध्या शब्दाच्या जागी नेमका किंवा जोरदार शब्द आणते. ही दुरुस्ती मोलाची आहे. पण ज्या इमारतीत ती केली ती लाऊथ यांची आहे.

हे सर्वस्वी नवे होते काय? नाही. इटलीतील यहुदी विद्वान अजऱ्या दे रोसी यांनी १५७४ सालीच म्हटले होते की इब्री काव्यात अक्षरे मोजावयाची नसून कल्पना मोजावयाच्या असतात. लाऊथ यांनी आपल्या पुढील ग्रंथात त्यांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे.

अशी जोडरचना आली कोठून? लाऊथ यांनी याचे मूळ आळीपाळीच्या गायनात पाहिले. मिर्यामेने इस्राएली स्त्रियांपुढे धरलेले गीत, शौल व दावीद परतले तेव्हा स्त्रियांनी एकमेकींना दिलेला प्रतिसाद, यशयाच्या दर्शनातील सराफीम एकमेकांना हाक देत आहेत ते. एक गट म्हणतो व दुसरा उत्तर देतो. मराठी माणसाला हे फार समजावून सांगावयास नको. जात्याला दोघी बसल्या की एकीने ओवी म्हणावी व दुसरीने ती उचलावी ही आपल्या घरांतली जुनी रीत. आपल्या उपासनेत पाळक एक भाग वाचतात व मंडळी दुसरा वाचते, त्यातही तोच ठेका आहे. मात्र आपण पुष्कळदा एक वचन पाळकांनी व पुढचे मंडळीने असे वाटून घेतो आणि जोडीचे अंग जोडीपासून तुटते. त्याऐवजी वचन मध्येच वाटून वाचून पाहावे; फरक कानालाच कळतो.

व्याख्यानांतला दुसरा समृद्ध भाग प्रतिमांचा. उपमा, रूपक, रूपककथा, चेतनगुणोक्ती यांच्या व्याख्या देऊन ते थांबले नाहीत. प्रतिमा आली कोठून हे त्यांनी विचारले. इब्री कवी राजदरबारात बसून लिहीत नव्हते. त्यांचे लोक मेंढपाळ व शेतकरी. म्हणून त्यांच्या काव्यात खळे, द्राक्षकुंड, ओसाड रान, अवचित भरून वाहणारे ओढे, लबानोनाचे गंधसरू. वाचकाने त्या लोकांच्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे. आपल्याला जे विचित्र किंवा ओबडधोबड वाटते ते बहुधा आपल्या अज्ञानामुळे, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या स्तोत्रातील भुसाची उपमा समजावण्यासाठी त्यांना ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना सांगावे लागले की त्या देशात खळी उंचावर, वाऱ्याच्या जागी करीत. खळ्यात उभे राहून धान्य उफणलेल्या आपल्या खेड्यातील एखाद्या आजोबांना ते सांगावे लागले नसते. तसेच अधोलोकाचे. मृतांच्या त्या अंधाऱ्या वस्तीचे चित्र इब्री लोकांच्या खडकात कोरलेल्या कबरींवरून आले, खाली उतरत जाणारी वाट व भिंतींत ओळीने ठेवलेले मृतदेह, असे त्यांनी दाखविले. हे ध्यानात ठेवून यशयाचा चौदावा अध्याय वाचावा. बाबेलचा राजा खाली उतरतो तेव्हा गंधसरूंना आनंद होतो आणि मेलेले राजे आपल्या आसनांवरून उठून त्याला टोमणे मारतात. निर्जीवाला वाचा देण्याच्या या अलंकारात त्या गीताच्या तोडीचे दुसरे काव्य कोणत्याही भाषेत नाही असे लाऊथ यांचे मत होते.

ग्रंथ युरोपभर गेला. जर्मनीत गटिंगेनच्या मिखाएलिस यांनी तो टिपांसह छापला व हेर्डर यांनी त्यावरून स्फूर्ती घेऊन इब्री काव्याच्या आत्म्याविषयी आपला ग्रंथ लिहिला. लाऊथ यांची बढती होत गेली ती येथे भरभर सांगतो. १७५२ साली मेरी जॅक्सन यांच्याशी विवाह, १७५४ मध्ये डॉक्टरची पदवी, मग डरहॅमकडे पाळकपण, १७६२ साली एक छोटेसे इंग्रजी व्याकरण (ते इतके खपले की इंग्रजी बोलणाऱ्या कित्येक पिढ्यांना त्याच्या नियमांचा धाक वाटत राहिला), १७६६ मध्ये प्रथम सेंट डेव्हिड्सचे व त्याच वर्षी ऑक्सफर्डचे बिशपपद, १७७७ मध्ये लंडनचे.

मध्यंतरी एक न शोभणारे प्रकरणही झाले. बिशप विल्यम वॉरबर्टन हे त्या काळचे दबदब्याचे लेखक. ईयोबाच्या पुस्तकाच्या काळावरून त्यांचे व लाऊथ यांचे जुंपले. वॉरबर्टन यांनी लाऊथ यांच्या विद्यापीठाला नावे ठेवली, तेव्हा १७६५ च्या जाहीर पत्रात लाऊथ यांनी त्यांना त्यांच्या वकिलाच्या कचेरीतील उमेदवारीची बोचरी आठवण करून दिली. वाद लाऊथ यांनी जिंकला असे सर्वांनी म्हटले. पण गरिबीमुळे ज्याला विद्यापीठ पाहावयास मिळाले नाही त्याला त्यावरून टोचणे, हे नीतिसूत्रे शिकविणाऱ्याला शोभले नाही, असे मला वाटते.

जॉन वेस्ली यांच्याशी आलेल्या संबंधातही त्यांच्या दोन बाजू दिसतात. १७७७ मध्ये दोघे एका घरी जेवावयास होते, तेव्हा लंडनच्या बिशपांनी वेस्लींच्या वरच्या जागी बसण्याचे साफ नाकारले. त्यांची ही नम्रता वेस्लींना फार भावली. परंतु १७८० साली वेस्लींनी न्यूफाउंडलंडला पाठविण्यासाठी सुचविलेल्या एका भक्तिमान माणसाला दीक्षा देण्यास बिशपांनी नकार दिला, कारण तो प्राचीन भाषांत पुरेसा तयार नव्हता. वेस्लींना हे लागले आणि त्यांनी तसे पत्र लिहिले. १७८४ मध्ये वेस्लींनी अमेरिकेसाठी स्वतःच दीक्षा दिल्या. त्यामागे असे अनुभव होते, हे आपल्यातील मेथॉडिस्ट वाचकांना ठाऊक असेल.

१७७८ साली लाऊथ यांनी यशयाचा नवा इंग्रजी तर्जुमा प्रसिद्ध केला. हे त्यांचे दुसरे मोठे काम. तोवरच्या इंग्रजी शास्त्रात संदेष्ट्यांची वचने गद्यासारखी सलग छापलेली असत. लाऊथ यांनी यशयाच्या ओळी कवितेसारख्या वेगळ्या पाडून छापल्या, आणि संदेष्टा हा कवीही होता हे पान उघडताच दिसू लागले. मूळ इब्री पाठात त्यांनी सुचविलेल्या पुष्कळ दुरुस्त्या आज धाडसी मानतात. ओळींचा मुद्दा मात्र टिकला.

घरी मात्र एकामागून एक मृत्यू होत होते. सात मुलांपैकी बहुतेक त्यांच्या देखत गेली. मेरी ही लाडकी मुलगी १७६८ मध्ये तेरा वर्षांची होऊन वारली. तिच्या थडग्यासाठी बापाने लॅटिनमध्ये लिहिलेला लेख लोकांना इतका आवडला की त्याचे अनेकांनी इंग्रजीत रूपांतर केले. यशया प्रसिद्ध झाला त्याच वर्षी मुलगा थॉमस गेला. १७८३ मध्ये फ्रान्सेस नावाची मुलगी पाहुण्यांना पेय देता देता हातातील पेल्यासह कोसळली व तेथेच गतप्राण झाली. दावीदाने शौल व योनाथान यांच्यासाठी केलेल्या विलापावर त्यांनी तरुणपणी, अविवाहित असताना, व्याख्यान दिले होते. त्या विलापात देवाचे नावही येत नाही, सांत्वनाचा शब्द नाही, केवळ हुंदक्यांप्रमाणे तुटणाऱ्या ओळी आहेत. पुढच्या आयुष्यात त्या ओळी त्यांनी किती वेळा वाचल्या असतील!

त्याच १७८३ साली राजाने त्यांना कँटरबरीचे आर्चबिशपपद देऊ केले. इंग्लंडच्या चर्चमध्ये याहून वरचे पद नाही. प्रकृती ढासळल्यामुळे त्यांनी ते नम्रपणे नाकारले. ३ नोव्हेंबर १७८७ रोजी फुलहॅम येथे त्यांचे देहावसान झाले व तेथेच त्यांना पुरण्यात आले. त्याच वर्षी त्यांची लॅटिन व्याख्याने जॉर्ज ग्रेगरी यांनी इंग्रजीत आणली, आणि ज्यांना लॅटिन येत नव्हते अशा साध्या पाळकांच्या व शिक्षकांच्या हाती ती प्रथम पडली.

लाऊथ यांच्या शोधामुळे आणखी एक गोष्ट उमगते, आणि ती आपल्या जिव्हाळ्याची आहे. फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण ओवीबद्ध आहे. त्याचे दुसऱ्या भाषेत रूपांतर केले की कथा जाते, भक्ती जाते, पण ओवीचे यमक मागे राहते. अभंगाचेही तेच. आवाजावर उभे असलेले काव्य आपल्या भाषेला बांधलेले असते. इब्री स्तोत्रांचे यमक मात्र विचारांचे. ते तर्जुमा करणाऱ्याच्या हातून सहसा सांडत नाही. म्हणून वृत्त नाही, यमक नाही, तरी मराठी स्तोत्रसंहिता मोठ्याने वाचू लागले की तिला आपोआप एक डोल येतो.

१८८५ साली सुधारलेल्या इंग्रजी तर्जुम्यात स्तोत्रे, ईयोब व नीतिसूत्रे ओळी पाडून छापली गेली. संदेष्ट्यांची पाळी आणखी पुढे आली. १९५६ साली मृत समुद्राजवळच्या अकराव्या गुहेत स्तोत्रांची एक प्राचीन गुंडाळी सापडली. तिच्यातील बहुतेक स्तोत्रे गद्यासारखी सलग लिहिलेली आहेत. केवळ ११९ वे स्तोत्र वेगळे आहे: त्यातील प्रत्येक वचन स्वतंत्र ओळीवर, आणि आठ आठ ओळींच्या कडव्यांमध्ये कोरी जागा सोडलेली.